टाकायच्या पदार्थाचं वर्णन

नॉर्थ शील्ड्सच्या मासळीबाजाराच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल.
खिडकीतून समुद्र दिसत नाही,
बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसते
आणि तिच्या कडेवर भांडणारे किटिवेक.
समुद्र माझ्याकडे कागदावरून येतो,
तीन प्रतींत, नकाशा जोडून.

कुणाला रेती उपसायची असते, कुणाला केबल पुरायची,
कुणाच्या धक्क्याचे खांब कुजलेले.
मी विचारते, किती टन? किती खोल?
सीलची पिल्लं जन्मतात ते आठवडे
हातोडा बंद ठेवाल का?
लोक वैतागतात.
दर्या काय कुणाच्या बापाचा आहे?
नाहीच.
म्हणून तर फॉर्म आहे.

कथबर्ट रटर, गाळ काढणाऱ्या बोटीचा कप्तान,
एका जानेवारीच्या रात्री डिझेल वाचवायला
ठरलेल्या चौकोनाच्या चारशे मीटर अलीकडेच
पोट उघडून मोकळा झाला.
मी पकडला. नोटीस, दंड, पावती.
गमबुटांसकट जिना चढून आला,
ओली टोपी माझ्या टेबलावर आपटली:
"बाई, गाळाला रेघा दिसतात होय?"
टोपीचा गोल डाग अजून आहे.
त्यावर मी चहाचा कप ठेवते.

नऊ वर्षांनी विनिफ्रेड रटरचा अर्ज आला.
निळी शाई, शाळेतलं अक्षर.
गाळाला जे खातं, माणसालाही तेच;
कायद्याला दोन्ही 'समुद्रात टाकणे'.
पदार्थाचं वर्णन: माझा नवरा.
वजन: आजाराआधी चौऱ्याण्णव किलो. आता विचारू नका.
किती काळ राहणार, हा रकाना कोरा,
मग पेन्सिलीने, बारीक:
ते तुम्हाला माहीत असेल.

फोन केला. नियम वाचून दाखवले.
पेटी मऊ लाकडाची. शिसं नको, तांबं नको, जस्त नको.
बाजूंना भोकं, तळाला वजन.
देहात टिकवायची औषधं नकोत.
अंगाला ओळखीचा पट्टा,
जाळ्यात आला कधी, तर...
इथे मी वाक्य सोडून दिलं.
"स्वेटर चालेल का?"
"लोकरीचा?"
"मीच विणलेला."
पानं चाळली. "गुंड्या प्लास्टिकच्या असतील तर काढाव्या लागतील."
फोन न ठेवताच तिने कात्री आणली.
कच्.
थांबली. कच्.
सहा मोजल्या मी.

तपासणीला अधिकारी जावाच असं नाही.
मी गेले.
फेब्रुवारी, मंगळवार, ईशान्येचा वारा,
टॅलबॉटची छोटी बोट डिझेल आणि कॉड माशाच्या वासाची.
नेमून दिलेल्या चौकोनात पोचल्यावर त्याने इंजिन मंद केलं,
टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं.
विनिफ्रेडचा हात झाकणावर.
तो निघेना.

स्क्रीनवर आम्ही आत होतो,
मग रेघेवर,
मग रेघ आमच्या मागे.
टॅलबॉट खोकला.
मी लाटांकडे बघत राहिले, कामात असल्यासारखी.
शंभर मीटर. दीडशे.
तिने हात उचलला तेव्हा
दोनशे दहा.

भोकांतून पाणी शिरलं, पेटी कुरकुरली,
जिना चढणाऱ्या माणसासारखी,
आणि गेली.
विनिफ्रेडने रुमाल नाही, सँडविच काढलं,
तिघांत वाटलं.
"तो कधीच वेळेवर सुटायचा नाही," एवढंच म्हणाली.

अहवाल संध्याकाळी लिहिला.
हद्दीच्या नैर्ऋत्येला, दोनशे दहा मीटर बाहेर.
आकडा खरा लिहिला.
खोटा लिहिला असता तर पहिला तोच हसला असता.
कारवाई: रकाना रिकामा.
कागद त्याच्याच जुन्या फायलीत लावला,
दंडाच्या पावतीखाली.

मग कप उचलून बराच वेळ
तो डाग बघत बसले.
गाळाला रेघा दिसत नाहीत, रटर.
हे मात्र मी
कुठेही लिहिलेलं नाही.