चार तोंडांचं

नव्या पेठेतला कामूर्ती म्हणाला,
"दोनाचं घ्या की. एकटा माणूस
गाणार किती तोंडांनी?"
मी म्हणालो, गाणारा मी नाही.

विडी घरकुलात, दुपारी, आमच्या ओट्यावर
अम्मा, पिन्नी, शेजारची नरसव्वा.
मांडीवर सूप, सुपात पानं,
हजार पुरे करायचे तर गाणं लागतंच.
तेलुगूत सुरू होतं, मध्येच मराठी शब्द येतो,
कुणी अडखळत नाही.
फोनवर घेतलं की तिघींचा एकच गोळा,
वर पलीकडच्या मागांचा खडखडाट
आणि कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब:
दोनाचं साडेआठ हजार.
चाराचं एकोणीस.
आठाचं विचारलंच नाही,
गड्ड्याच्या जत्रेत खिसा चाचपत
पाळण्याकडे बघतात तसं बघितलं.
माइक वेगळे, वायरी वेगळ्या,
स्टँड कारखान्यातल्या भंगार पाइपांचे करीन.
अठ्ठेचाळीस व्होल्ट चारही ठिकाणी, की दोनच?
आवाज आत जाऊन कानात परत यायला वेळ किती?
"कळत पण नाही हो," कामूर्ती म्हणाला.
आमच्यात प्रश्न तेलुगूत, उत्तर मराठीत,
तेवढा उशीर आम्हाला चालतो.
रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवायचा म्हणे.
सोलापुरात. एप्रिलात.
त्यांनी करून दाखवावं.

बायका तीन. तिनाचं यंत्र मिळत नाही.
दोघींना एका माइकवर बसवू?
पण पिन्नी आणि नरसव्वा
दिवाळीपासून बोलत नाहीत,
नुसत्या गातात.

रात्री फोनमधलं जुनं ऐकत पडलो.
गोळ्याच्या तळाशी काहीतरी होतं,
कच्, कच्,
थांबून, कच्.
सत्तेम्मा.
कोपऱ्यात, पाठ भिंतीला, ओठ मिटलेले,
पानं कापणारी तिची कात्री
बरोबर समेवर.
अम्मा कडवं विसरते तिथे कात्री थांबते,
तिला आठवेपर्यंत.
इतकी वर्षं ओट्यावरच्या बायका मोजताना
मी तीनच म्हणत आलो.

चाराचं घेतलं. वापरलेलं, अकरा हजारात,
होटगी रोडच्या एका बँडवाल्या पोराकडून.
त्यानं खरं ते सांगितलं,
चौथी कळ फिरवली की खरखरते.
असू दे म्हटलं,
तिथे कात्री लावायचीय.

सत्तेम्मानं माइककडे बघितलं,
मग माझ्याकडे,
आणि पदरानं
कात्रीचं पातं पुसलं.