अंगठा नको

"अंगठा ठेवू नकोस," उबाळे सिस्टर म्हणाल्या,
"त्याला स्वतःची नाडी असते.
मोजशील स्वतःलाच, लिहिशील पेशंटच्या कागदावर."

तीन बोटं, मग. पूर्ण एक मिनिट.
अर्ध्याची दुप्पट चालत नाही.

कॉलेजातल्या डमीनं कधी हात ओढून घेतला नव्हता.
खाट अकरा, वडकेकाका, तांबट आळी:
चाळीस वर्षं हंड्यांवर ठोके घालून
कान गेलेले. "मोठ्यानं बोल, पोरी."
मी बोलतच नव्हते. मोजत होते.

छत्तीसला चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचं एक बोट चादरीवर आपटत होतं,
जिचा कोपरा सकाळी सिस्टरनी
मला तीनदा दुमडायला लावला होता.
कंप असेल, वाटलं. नोंद करावी का?
मग कळलं, माझ्या ओठांवरचे आकडे बघून
काका ताल धरतायत.

एकदा बोट अधांतरी राहिलं.
"इथं घाव सुटला बघ."

खरंच सुटला होता.
मी लिहिलं: ब्याऐंशी, अनियमित.
सिस्टरनी स्वतः मिनिटभर हात धरला,
काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

रात्री होस्टेलवर
मनगटावर मुद्दाम अंगठा ठेवून पाहिला.
दोन वाजत होते,
कुठला कुणाचा, कळेना.