शीर्ष क्रमांक ४.३

मार्चची एकतीस तारीख. कळमनुरीत
वीज साडेचारला आली. तोवर मी
व्हाउचरं दगडाखाली दाबून
दारातल्या उजेडात लावत बसले होते.
निळ्या दोरीत प्रवास, पिवळ्या दोरीत औषधं,
आणि बिनदोरीचा एक गठ्ठा,
ज्याला मी कुणासमोर नाव देत नाही.

पैसे लांबून येतात.
तिकडे कुणी म्हातारी महिन्याला पंधरा युरो देते म्हणे;
तिला दर वर्षी आमच्या नर्सताईचा फोटो जातो.
जुलैत युरो दोन रुपयांनी उतरला.
कुणी काही खाल्लं नाही, कुणी काही चोरलं नाही,
तरी हिमोग्लोबिन मोजायच्या पट्ट्यांची
अकरा खोकी माझ्या कागदावरून नाहीशी झाली.
हे मी आशाताईंना समजावून सांगितलं.
त्या म्हणाल्या, बरं. मग थोड्या वेळानं,
"पण बाया तर तेवढ्याच हायेत नं?"

प्रशिक्षण, चहापान व अल्पोपाहार: शिल्लक एकेचाळीस हजार दोनशे.
४.३, तातडीची वाहतूक: शिल्लक शून्य, डिसेंबरपासून.
एका शीर्षाचं पाणी दुसऱ्यात सोडायला
परवानगी लागते. जानेवारीत पत्र लिहिलं.
फेब्रुवारीत विचारणा आली: तातडीची म्हणजे काय, व्याख्या पाठवा.
पाठवली. सात ओळींची, तीनदा खोडलेली.
तिच्यात रात्र हा शब्द नव्हता, रस्ता नव्हता,
धुरपताबाईचं नाव तर नव्हतंच.

मुंजाजीचा भाजीचा टेम्पो.
वाकीतांड्यावरून रात्री दोनला तिला घेऊन निघाला,
कांद्याच्या रिकाम्या गोण्या अंथरून.
पुलाचं काम चालू, म्हणून नऊ किलोमीटरचा वळसा.
ती बाळंत झाली ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाशी.
फाटकाच्या आत की बाहेर,
यावर नोंदवहीत अजून दोन मतं आहेत.

सकाळी तो माझ्या टेबलाशी उभा. मी किरकोळ रोखीतून
सातशे मोजले आणि पावती मागितली.
"पावती? कामून? टेम्पो मव्हा, डिझेल मव्हं,
म्या मलाच पावती देऊ का, बाई?"
मग वहीचं पान फाडून लिहिलं:
सातशे रुपये भेटले. बाई नेली. दोन्ही जीव खुशाल.
तारीख नाही, गाडी नंबर नाही.

लाहोटी साहेब नांदेडहून तपासणीला आले,
त्यांनी ते पान उजेडाकडे धरलं,
खोटी नोट बघतात तसं.
माणूस वाईट नाही. डबा उघडला की आधी मला लोणचं वाढतो.
म्हणाले, "मॅडम, हे चालत नाही.
तुमची चहाची बिलं बघा की. छापील, क्रमांकासकट."
खरं आहे. आमचा चहा निर्दोष आहे.

सातशे रुपये, अमान्य खर्च. मी भरले.
त्यात शौर्य काही नाही,
पुन्हा वेळ आली तर भरीनच असंही नाही.
पगार एकोणीस हजार, भाच्याची फी,
आणि परभणीत बघून ठेवलेलं एक शिलाई मशीन.
हेही सांगायला हवं.

मंजुरी दोन एप्रिलला आली. पत्र फार नम्र होतं.
तोवर वर्ष बंद, टॅलीनं दार लावून घेतलेलं.
अखर्चित निधी परत पाठवताना
बँकेतल्या पोरानं विचारलं, कारण काय टाकू?
कारणाची चौकट पंचवीस अक्षरांची.

काल बाजारात मुंजाजी दिसला. वांगी तोलून झाल्यावर
दोन वरून टाकली. मी काढून परत ठेवली. सवय.
"ते पान पास झालं का, बाई?"
झालं, म्हणाले.
वर्षभरातली ही माझी एकच खोटी नोंद,
आणि तीही तोंडी.