सहा बाय आठ

वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्याला,
भर उन्हात त्या ओळीने उभ्या होत्या.
पत्र्याच्या, फायबरच्या, एक तर चक्क सागवानी
(आत प्लायवूड. बोटाने वाजवून पाहिलं).
मी पर्समधून टेप काढला.
ताई, माप लिहिलंय की दारावर, तांबोळी म्हणाले.
असू द्या, म्हटलं,
मला चौकोन मोजायची सवय आहे.

पस्तीस हजार होते माझ्याकडे.
शब्दकोड्यांचे. सांजदैनिकात एका कोड्याला दीडशे,
रविवारच्या मोठ्याला अडीचशे,
त्यातून तीन वर्षं बाजूला टाकत आले तेवढे.

घरात टेबल आहे. म्हणजे होतं.
आता त्यावर श्रीनिवासचा मॉनिटर, श्रीनिवासची मीटिंग,
आणि तळहात उभा धरून मला दाखवलेलं ‘एक मिनिट’.
मी ओट्याशी उभ्याने कोडी केली.
सतरा आडवा सुटायचा
तेव्हाच नेमकी शिट्ट्यांची मोजणी चुकायची.
आमच्या घराने एक वर्ष गिचका भात खाल्ला,
कुणी विचारलं नाही का ते.

मोठी होती ती दहा बाय बारा.
दोन खिडक्या, एसीसाठी भोक, नव्वद हजार, हप्त्याने.
तिच्यात नुसती उभी राहिले
आणि मनानं लगेच कोपऱ्यात दिवाण टाकला,
नाशिकच्या वन्संसाठी.
घाबरून बाहेर आले.

खोली एवढी लहान हवी
की तिच्यात दुसऱ्या कुणाची सोय होऊ नये.

ती? ती नको ताई, ती वॉचमनची,
बाणेरच्या साइटवरची. इमारत झाली, परत आली.
तिच्यात एकच माणूस बसतो हो.

अठ्ठावीस हजार. टेम्पोचे साडेतीन वेगळे.

मागच्या अंगणात ठेवायची होती, सीताफळापाशी.
पण घराच्या कडेची बोळ अडीच फूट,
आणि ती सहा. हे मात्र मोजायचं राहिलं.
हमालांनी गेटाजवळच टेकवली आणि चहा मागितला.
समोरच्या भडसावळे काकू गॅलरीतून म्हणाल्या,
आता तुमच्याकडे यायला पास लागणार वाटतं.

आत भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं:
टँकर ४. वाळू २. टँकर ५.
मग नुसत्या उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा कितीतरी.
खाली, खुर्चीत बसल्यावर डोळ्यांसमोर येईल तिथे,
‘घर’, आणि एक नंबर,
शेवटचे दोन आकडे डोक्याच्या तेलाने पुसलेले.
श्रीनिवास रंगाचा डबा घेऊन आला.
परत पाठवला. डबाही.

पहिल्या आठवड्यात तीन कोडी झाली,
एक तर फार चांगलं झालं, मला माहीत आहे.
दुसऱ्या आठवड्यात खिडकीवर टकटक.
पार्सलवाला. सात नंबरचे लोक नाहीत, ठेवून घेता का?
मग गॅसवाला. मग एक मुलगा, घामेजलेला,
इथे गाडी लावली तर चालेल का, मॅडम?
मी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे,
आणि लावा म्हणाले,
जसं काही माझ्या हातात होतं.

आता कोपऱ्यात गल्लीची सहा पार्सलं आहेत,
त्यांच्यावर माझे शब्दकोश.
चिडायला हवं होतं.
संध्याकाळी काकू खाली उतरतात, स्वतःचा डबा नेतात,
आत डोकावून बघतात, पण शिरत नाहीत.
शिरताच येत नाही. एवढं माप बरोबर आलं.

काल पार्सल ठेवून घेतल्याची रेघ
मी भिंतीवरच मारली, त्याच्या रेघांना लागून.
आणि रविवारच्या कोड्यात, नऊ उभा:
‘एकट्याने बसून करायची, पण दुसऱ्यांची (३)’.
पहिलं अक्षर रा.
पुढचं तुम्ही भरा.