दोनशे अकरा तुकडे

पगार झाला की काय काय आणायचं त्याची यादी
आई फ्रिजवर लावते. तिच्यात
प्लॅस्टिकच्या यंत्रमानवाचं किट नव्हतं.

कॅम्पातून स्कूटरवर पास्कू आला, खोका कानाशी हलवत.
"ह्यां काय गे? झीलाक?"
माझं लग्न झालेलं नाही हे वेंगुर्ल्यात
बंदरावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे.
"नाय," म्हटलं, "माका."
सहीसाठी पुढे केलेला मोबाईल
त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

बत्तीसशे रुपये. वर कटर, आणि दाताच्या डॉक्टरकडे असते
तसली एक बारीक कानस.
(हे तुम्हाला सांगते. आईला सातशे सांगितलेत.)

सूचना सगळ्या जपानीत, पण चित्रं कळतात.
इस्पितळात दिवसभर माझं तेच काम,
हाड कुठून निघतं, कुठे बसतं,
कुठे बसायला हवं होतं.
कोपर जोडताना तोंडातून निघून गेलं,
श्वास रोखा.

जेवणं उरकली की मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून
कोरियन मालिका. नायिका प्रत्येक भागात रडते
आणि लगेच नूडल्स खाते. हे मला पटतं.
नायकाचे केस मात्र पटत नाहीत. इथे बारा महिने दमट,
तरी कुणाचे केस असे बेतानं ओले राहिलेले
मी बघितले नाहीत.
नवव्या भागात वीज गेली, टॉवरही गेला.
तो तिला काय सांगणार होता ते चार तास माहीत नव्हतं.
त्या चार तासांत, बॅटरी दातांत धरून,
मी अख्खा डावा पाय केला.

डाव्या खांद्यावरची सोनेरी पट्टी तेवढी
कटरमधून टिच्‌ करून उडाली.
खाटेखाली शोधली, चपलांत शोधली, तांदळात शोधली.
आई म्हणाली, कुडी पडली काय गो कानातली?
हो म्हटलं.
मग तीही गुडघे धरून शोधायला बसली.

जत्रेत पहाटे तीनला नाटक सोडून मी मांडवामागे गेले.
राक्षस बाकड्यावर बसून चहा पीत होता,
मिशी भिजू न देता.
मुकुट मांडीवर. पुठ्ठा, सोनेरी कागद, तार, टिकल्या.
दरसाल बघते हा मुकुट.
यंदा पहिल्यांदा बघितलं, जोड कुठे आहे.

मंगळवारी तो एक्स-रेला आला.
लवू शिवराम मेस्त्री, वय बावन्न.
कसं लागलं? "युद्धात."
मी 'घसरून' लिहिलं.
कानामागे निळा रंग अजून होता.
मनगटाला तडा नव्हता, हे बघायचा मला अधिकार आहे,
सांगायचा नाही, म्हणून नुसती हसले.

शिशाच्या एप्रनशेजारी माझा यंत्रमानव उभा.
त्याने खाली वाकून बघितला, सुजलेला हात पाठीमागे घेऊन,
देवळात बघतात तसा.
"खांदे इतके ताठ नको. राक्षसाचो खांदो
जरा पुढे होयो. मगे तो येतासा वाटता."
राक्षस नाही हो तो, म्हणणार होते.
म्हटलं नाही. खांदा एक खटका पुढे केला.
यायला लागला.

शुक्रवारी पास्कू. खोका नाही, नुसती काडेपेटी,
मेस्त्रीने दिलेली. आत नखाएवढा सोनेरी कागद,
पुठ्ठ्यावर डकवलेला, कडा कानशीनं घासलेल्या.
"ह्यां पण तुकाच?"
"होय, माकाच."

लावलाय. उजव्या खांद्याशी जुळत नाही,
जास्तच चकाकतो,
आणि खाऱ्या हवेत एका कडेनं सुटायला लागलाय आत्ताच.
फ्रिजवरच्या यादीत, साबण आणि हिंग यांच्या खाली
मी लिहिलं: डिंक, चांगला.

आईने पेन्सिलीनं पुढे लिहिलंय: कितीचा?
खरा सांग.