सुटण्याआधी पोचलेली

टू-डू लिस्ट नको, मी पहिल्याच गुरुवारी सांगून टाकते.
हवामानाचं ॲप नको, कॅल्क्युलेटर नको,
व्हिडिओ थांबवत थांबवत गिरवलेलं
दुसऱ्याचं दुकान नको.
घरात कुठे अडतं, ते घेऊन या.

ग्रिम्सबीची लायब्ररी, वरचा मजला,
जुन्या नकाशांच्या कपाटांमागे सहा खुर्च्या.
फेब्रुवारीत हीटर एकाच अंगाने तापतो,
आम्ही सगळे त्या अंगाला कलतो.

विदास शीतगृहात काम करतो,
कोणी कोणाशी पाळी बदलली याचा हिशेब त्याला हवा,
भांडणं मिटावीत म्हणून.
मिसेस ऑसगर्बींना चर्चच्या घंटा ओढणाऱ्यांचं वेळापत्रक,
एकसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा माऊस धरून.
कीली दोन गुरुवार रिकाम्या हातांनी आली,
मासळीच्या कारखान्यातून, थेट,
खिडकी उघडू का, असं स्वतःच विचारत.

तिसऱ्या गुरुवारी तिने वही काढली.
वर्नन काकांची शर्यतीची कबुतरं:
पायातल्या कड्याचा नंबर, सुटल्याची वेळ, आल्याची वेळ,
आणि अक्षर असं
की पक्ष्यांनी स्वतःच भरलं असावं.
काकांना वही पुरते, ती म्हणाली,
डोळे पुरत नाहीत.

मग एक पक्षी म्हणजे एक ओळ,
एक उड्डाण म्हणजे एक ओळ,
दोघांना बांधणारा धागा कुठे ठेवायचा
यावर तीन आठवडे.
ती रडली एकदा. अर्धविरामासाठी.
मी तिला बिस्किट दिलं, अर्धविराम दिला नाही.

जुलैत पहिली खरी नोंद.
नेवर्कजवळ सात वाजता सोडलेली करडी मादी
सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी घरी.

सुटण्याआधी पोचली.
स्क्रीन हे अगदी शांतपणे सांगत होती.
विदास म्हणाला, हा पक्षी मी घेतो,
म्हणाल ती किंमत.

मला कळलं होतं, एका नजरेत.
पंधरा वर्षं विमा कंपनीत दुसऱ्यांच्या चुकाच तर वेचल्या.
बोटांना मुंग्या आल्या,
मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले
आणि खिडकीबाहेरच्या सीगलकडे
फार रस असल्यासारखी पाहत राहिले.

वीस मिनिटं. पंचवीस.
काकांनी चुकीचं लिहिलंय, ती म्हणाली.
मग वही उलटसुलट केली. मग गप्प.
मग, हळूच: घड्याळं दोन आहेत का?
काकांचं एक, आणि त्या सर्व्हरचं एक?
मार्चमध्ये आपण तास पुढे केला,
त्याला कोणी सांगितलंच नाही?

हाच तास माझ्याही हातून निसटतो, वर्षातून दोनदा.
साताऱ्यात बहिणीला फोन लावते
आणि साडेचार की साडेपाच यात तिची झोप मोडते.
हे मी वर्गात बोलले नाही.

दुरुस्त झाल्यावर ती म्हणाली,
आता ही भानगड पुसून टाकते, कोणी बघायला नको.
मी म्हटलं, ठेव.
सुबक पडदे सगळेच दाखवतात.
पहिल्या पानावर लिही, तुझ्या शब्दांत.
तिने लिहिलं:
एक कबुतर काल पोचलं, आज सुटलं.
मला वाटलं काका चुकले.
काका बरोबर होते.

ऑक्टोबरात लिंकनला मुलाखत झाली.
नोकरीचं विचारू नका, पत्र अजून आलेलं नाही.
पण समोरचे तिघंही म्हणे
कबुतराच्या पुढे सरकलेच नाहीत,
आणि तिथून निघाल्यावर तिला आठवलं
की घाबरायचं राहून गेलं.

वर्नन काका आता अक्षर मोठं करून स्क्रीनवर वाचतात.
वही मात्र चालूच आहे.
रविवारी दोन्ही शेजारी ठेवून
ओळ न् ओळ ताडून बघतात,
विश्वास म्हणून नाही ठेवत.

असा टेस्टर मला
पंधरा वर्षांत मिळाला नव्हता.