काट्याने काटा

डुलूथमध्ये, उणे एकोणीसात,
प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं.
म्हणून आधी बॅटरीची काळी वायर सोडली,
दोन स्क्रू काढले, मागून हात घालून एक ढकल दिली,
आणि डॅशबोर्डचा अख्खा चेहरा
ओट्यावर आणून ठेवला, हीटरपाशी,
विरजणाच्या भांड्याशेजारी.
दोघांनाही रात्रभर ऊब हवी होती.

गाडी व्हॉल्वो. एकोणनव्वदची.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
एवढी मोठी बस लावतेस कुठे?

बस नाही गं. चौकोनी, विटकरी,
काल-परवापर्यंत लोवेल हॅल्वर्सनची,
त्याच्या बायकोने, आर्डिसने, मला नऊशे डॉलरला दिलेली,
डिकीतल्या फावड्यासकट.

सकाळी दही लागलं होतं, घट्ट, कवडीचं.
मी काच घेतली. टूथपेस्ट, जुन्या बनियनचं फडकं,
तांब्या घासतात तसं नाही,
बाळाची टाळू भरतात तसं, गोल, गोल.
पेट्रोलच्या काट्याखाली एक मेलेला किडा,
लाल, ठिपकेवाला,
रिकामं आणि अर्धं यांच्या मधोमध.

मग वेगाचा काटा.
उपसण्याआधी त्याची मूळ जागा धरून ठेवावी लागते,
नाहीतर उभी गाडीसुद्धा
पुढे जन्मभर ताशी सात मैल पळते.
चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेन्सिलची रेघ.
जेवणाच्या सेटमधले दोन काटे समोरासमोर,
मध्ये तो दांडा,
दोन्हीकडून सारखं, हळू, वर.
काट्याने काटा.
लहानपणापासून म्हणत आले,
काढला आज पहिल्यांदा.
टक् झालं
आणि अंगावर, काय करणार, तोच शब्द आहे,
आला.

आत, आकड्यांच्या आड, मसुराएवढं चाक.
पंचवीस दात असायला हवे होते.
होता नुसता भुगा, पिवळा, बोटाला चिकटणारा.
एक लाख शहाऐंशी हजार चारशे सात:
आकडा तिथे थांबला, गाडी नाही थांबली.
नवं चाक टपालाने आलं, बसलं.
आकडे मात्र मी पुढे ढकलले नाहीत.
ढकलून ढकलून कुठवर ढकलणार?

पाठ उलटली.
निळसर पापुद्र्यावर तांब्याच्या वाटा,
वाटांवर दिवे, पाव वळशात निघणारे.
होल्डर मोजले, तेरा.
दिवे बारा.
जळलेला दिवा काळा होऊन बसून राहतो.
हा बसलेला नव्हता.
रिकामा होल्डर कुणीतरी
परत नीट फिरवून लावला होता.
इंजिनचा.

आर्डिस पायऱ्यांवर मीठ टाकत होती. विचारलं.
हात थांबला नाही तिचा.
"लोवेलने काढला. रात्री डोळ्यांवर येतो म्हणायचा."
दोन पायऱ्या खाली उतरून:
"दवाखान्याची पत्रंही तो गाडीतच ठेवायचा,
त्या पुढच्या कप्प्यात.
मला वाटायचं, पावत्या आहेत."
मीठ संपलं तशी आत गेली.

तेरावा मी बसवला. दीड डॉलर.
काटा रेघेवर. काच. स्क्रू. काळी वायर.
किल्ली अर्धी फिरवली तसे सगळे एकदम पेटले,
जत्रेतल्या पाळण्यासारखे,
आणि इंजिन लागल्यावर एकेक विझत गेले,
तेल, बॅटरी, हँडब्रेक.
तेरावा नाही विझला.
लहान, पिवळा, थेट डोळ्यांवर.
खरंच येतो.

तशीच लेक अव्हेन्यूचा उतार उतरले.
खाली सरोवर, काठाशी गोठलेलं,
पुढे वाफा सोडणारं.
शेवटचा आकडा सातावरून सुटता सुटेना.
सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही,
खिडकीत अर्धा आठ आला होता.
मागून कुणीतरी हॉर्न दिला.